थंड भिंत, अस्वस्थ हवा

३ ऑगस्ट २००५ रोजी अंतराळवीर स्टीफन रॉबिन्सन यांत्रिक हाताच्या टोकाशी पाय रोवून नासाच्या डिस्कव्हरी या स्पेस शटल यानाच्या पोटाखाली गेले. यानाच्या तळाला हजारो काळ्या टाइल चिकटवलेल्या असतात. त्यांच्या फटींत भरलेल्या कापडी पट्ट्यांपैकी दोन पट्ट्यांची टोकं बाहेर आली होती. एक साधारण अडीच सेंटिमीटर, दुसरं त्याहून थोडं कमी. रॉबिन्सन यांनी ती हातमोज्यातल्या बोटांनी धरून हलकेच ओढली आणि दोन्ही सहज निघाली. उडत्या शटलच्या तळाशी जाऊन कुणी दुरुस्ती करण्याची ती पहिलीच वेळ होती. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी ज्या कोलंबियात गेले, त्या अपघातानंतरचं हे पहिलंच उड्डाण होतं.

दोन चिंध्यांसाठी माणसाला यानाबाहेर पाठवायचं कारण काय? त्या पट्ट्या जळाल्या असत्या तरी यानाला काही झालं नसतं. भीती हवेची होती. आवाजाच्या वीसपट वेगाने वातावरणात शिरणाऱ्या यानाच्या अंगालगत हवेचा एक पातळ थर असतो. तो शांत राहिला तर टाइल आरामात टिकतात. तो लवकर बिथरला तर तीच टाइल तितक्याच वेगाला कितीतरी जास्त तापते. बाहेर आलेलं टोक त्या थराला बिथरवायला पुरेसं असतं. १९९५ मध्ये शटलच्या एका परतीच्या प्रवासात तसं घडलं होतं: एरवी मॅक ८ च्या (म्हणजे ध्वनीच्या आठपट वेगाच्या) आसपास होणारी उलथापालथ तेव्हा मॅक १९ च्या सुमारासच झाली.

उंचवटा हवेला बिथरवतो हे समजायला सोपं आहे. पण पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असला, एकही टोक बाहेर नसलं, तरी हा थर कधी शांत राहतो, कधी बिथरतो. त्यावर ज्या गोष्टींचा ताबा चालतो त्यांतली एक अगदी साधी वाटणारी आहे: पृष्ठभाग किती गरम आहे. आणि तिचं उत्तर आपल्या अंदाजाच्या उलटं निघतं. मला या विषयाची ओढ लागली ती त्या उलटेपणामुळे.

घरातल्या पंख्याकडे बघा. मिनिटाला तीनशे फेरे मारणाऱ्या पात्यावर धूळ बसतेच कशी? पात्याला अगदी चिकटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते, पात्याच्या दृष्टीने ती स्थिर असते. तिथून थोडं दूर गेलं की हवेचा वेग वाढत जातो आणि एका अंतरानंतर तो पूर्ण होतो. स्थिर हवेपासून पूर्ण वेगाच्या हवेपर्यंतचा हा पातळ पट्टा म्हणजे सीमास्तर. लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या परिषदेत ही कल्पना मांडली आणि विमानविद्येचं गणित त्यानंतरच हातात आलं. ध्वनीच्या सहापट वेगाने जाणाऱ्या एखाद्या टोकदार यानावर हा सीमास्तर काही मिलिमीटर जाडीचा असतो. पुढचं सगळं नाट्य या काही मिलिमीटरांत घडतं.

या थरात हवा दोन तऱ्हांनी वाहू शकते. नळ अगदी बारीक सोडला तर धार काचेसारखी दिसते, जणू हलतच नाही. नळ मोठा केला की तीच धार पांढरी होते, तिच्यात उसळ्या येतात. पहिल्या प्रकाराला लॅमिनार म्हणतात, दुसऱ्याला टर्ब्युलंट. मी इथे शांत आणि खळाळता असे शब्द वापरेन. शांत थरात उष्णता एका पदरातून शेजारच्या पदरात झिरपत जाते. खळाळत्या थरात भोवरे गरम हवा उचलून थेट भिंतीवर, म्हणजे यानाच्या पृष्ठभागावर, आणून टाकतात, जसं तळाला न लागू देता पातेलं ढवळावं तसं. त्यामुळे भिंतीवर येणारी उष्णता तीन ते पाचपट होते, काही ठिकाणी त्याहूनही जास्त.

अतिवेगात ही उष्णता बाहेरून येत नाही, थरातच तयार होते. तीस किलोमीटर उंचीवर हवा उणे ४५ अंशांच्या आसपास असते, म्हणजे थंडगार. यान तिच्यातून मॅक ६ ने गेलं की सीमास्तरात हवेला जवळजवळ थांबावं लागतं आणि तिच्या गतीची ऊर्जा उष्णतेत बदलते. यानाच्या भिंतीने उष्णता शोषलीही नाही आणि गमावलीही नाही, तर ती सुमारे १३५० अंश सेल्सिअसला जाऊन स्थिरावेल. या तापमानाला आपण समतोल तापमान म्हणू. खरी भिंत त्याहून बरीच थंड असते. लोखंड, टायटॅनियम किंवा सिरॅमिकचा जाड पृष्ठभाग इतक्यात इतका तापत नाही, आणि तापला तरी बाहेर किरणांच्या रूपाने उष्णता फेकतो. म्हणून या विषयात ‘भिंतीचं तापमान किती’ असं कुणी नुसतं विचारत नाही. भिंतीचं तापमान समतोल तापमानाच्या कितवा हिस्सा आहे, असं विचारतात. दोन्ही तापमानं केल्व्हिनमध्ये घेऊन भागाकार करायचा. साध्या हवामानातून नुकतं निघालेलं यान, भिंत २७ अंशांची, वेग मॅक ६: हे गुणोत्तर ०.२ च्या जवळ येतं. भिंत ७०० अंशांना पोचली की ते ०.६ होतं.

आता भिंत थंड असेल तर हवा शांत राहील की बिथरेल?

सहज उत्तर येतं ते ‘शांत राहील’ असं. थंडपणा आणि शांतपणा आपल्या भाषेतसुद्धा शेजारी राहतात. आणि हे उत्तर चूक नाही, फक्त त्याला एक वेगमर्यादा आहे.

थर बिथरतो म्हणजे काय होतं ते आधी बघू. हवेत बारीकसारीक खळबळ कायम असते: आवाज, धूळ, पृष्ठभागाची कंपनं. ती सीमास्तरात शिरली की तिच्यातल्या बहुतेक लहरी विझून जातात. काही ठरावीक लांबीच्या लहरी मात्र थरातल्या वेगाच्या फरकातून ऊर्जा चोरतात आणि वाढू लागतात. वाढ चक्रवाढ व्याजासारखी होते. सुरुवातीची लहर मोजताही येणार नाही इतकी लहान असते, पण यानाच्या अंगावरून मीटरभर पुढे जाईपर्यंत ती हजारपट, लाखपट होते आणि मग एका टप्प्यावर थर तुटून खळाळू लागतो. म्हणजे व्याजाचा दर किंचित बदलला तरी थर तुटण्याची जागा खूप पुढेमागे सरकते. भिंतीचं तापमान हा दर बदलतं.

कसा बदलतं, त्याच्या मुळाशी हवेचा एक गुण आहे. तेल तापलं की पातळ होतं, काकवी गरम केली की झरझर ओतते. हवेचं याच्या उलट आहे. हवा तापली की तिचा चिकटपणा वाढतो: ३०० केल्व्हिनच्या हवेपेक्षा १५०० केल्व्हिनची हवा जवळजवळ तिप्पट चिकट असते. शिवाय त्याच दाबाला ती पाचपट विरळ होते. गरम भिंतीजवळची हवा अशी विरळ आणि चिकट असल्यामुळे आळसावते, रेंगाळते. सीमास्तर जाड होतो आणि त्याच्या आत एक कच्ची शिवण तयार होते, संथ हवा आणि वेगवान हवा जिथे एकमेकींना घासून जातात अशी. नदीत काठाजवळचं थांबलेलं पाणी आणि मधला ओघ जिथे भेटतात तिथे भोवरे दिसतात, तशीच ही जागा. भिंत थंड केली की तिच्याजवळची हवा दाट होते, कमी चिकट होते, भिंतीच्या जवळपर्यंत वेगाने वाहते. ती कच्ची शिवण पुसट होते किंवा नाहीशीच होते. लहरींना ऊर्जा चोरायला जागा उरत नाही. (पाण्यात हेच उलटं चालतं. पाणी तापून पातळ होतं, म्हणून पाण्याखाली जाणाऱ्या वस्तूंचा पृष्ठभाग तापवून प्रवाह शांत ठेवण्याचे प्रयोग झाले आहेत. नियम ‘थंड चांगलं’ असा नाही, ‘भिंतीजवळचा द्रव कमी चिकट असलेला चांगला’ असा आहे.)

हे गणित लेस्टर लीस आणि चिया-चियाओ लिन यांनी १९४० च्या दशकात मांडलं. १९४७ च्या अहवालात लीस यांनी दाखवलं की स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा जास्त, वेगाला भिंत पुरेशी थंड ठेवली तर या प्रकारच्या लहरी पूर्णपणे दाबता येतील, थर कितीही लांब वाहिला तरी. किती मोठी आशा होती ती! भिंत नुसती थंड ठेवायची आणि हवा शांत. पुढच्या दशकात प्रयोग झाले. थंड केल्यावर थर खरोखर उशिरा तुटताना दिसला. पण काही प्रयोगांत एक विचित्र गोष्ट घडली: आणखी थंड केल्यावर थर पुन्हा लवकर तुटू लागला. त्याला ‘उलटफेर’ अशा अर्थाचं नाव मिळालं, आणि त्याच्या कारणांवर बराच काळ वाद राहिला. यातला काही भाग खडबडीतपणाचा असतो. थंड भिंतीवर सीमास्तर पातळ होतो, त्यामुळे पृष्ठभागावरचा तोच कण आता थराच्या तुलनेत मोठा ठरतो. जाड रजईखाली न टोचणारा खडा पातळ चादरीखाली टोचतो, तसं. शटलच्या त्या पट्ट्यांचं गणितही असंच होतं. पट्टी किती सेंटिमीटर बाहेर आहे एवढ्यावर निर्णय होत नव्हता. तिथे सीमास्तर किती जाड असेल, त्याच्याशी तुलना करून तो घ्यावा लागत होता.

पण गुळगुळीत भिंतीवरचा मोठा धक्का अजून यायचा होता.

मॅक यांच्या लहरी

कॅलिफोर्नियात पॅसाडेना इथल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत लेस्ली मॅक १९६० च्या दशकात सीमास्तराच्या लहरींची समीकरणं संगणकावर सोडवत होते. त्यांच्या आडनावाचा आणि वेगाच्या मॅक एककाचा संबंध नाही. ते एकक एर्न्स्ट माख यांच्या नावावरून आलं. मराठीत दोन्ही ‘मॅक’ लिहिले जातात, हा योगायोग. मॅक यांना दिसलं की वेग वाढला की त्याच समीकरणांना एक उत्तर मिळत नाही, उत्तरांची मालिकाच मिळते. लीस यांना माहीत असलेली लहर ही त्यांतली पहिली. तिच्यापुढे दुसरी, तिसरी असे आणखी प्रकार होते, आणि साधारण मॅक ४ च्या पुढे दुसरा प्रकार पहिल्याला मागे टाकून सगळ्यात वेगाने वाढत होता. भिंत थंड केली की पहिला प्रकार दबत होता, जसं लीस म्हणाले होते. दुसरा प्रकार मात्र भिंत थंड केल्यावर अधिकच जोमाने वाढत होता.

या दुसऱ्या प्रकारात शिवण महत्त्वाची नसते, कारण तो मुळात ध्वनी असतो. सीमास्तरात अडकलेला ध्वनी.

कसा अडकतो ते आकड्यांनी बघू. मॅक ६ ला बाहेरची हवा यानाच्या मानाने सेकंदाला सुमारे १८०० मीटर वेगाने जाते. दुसऱ्या प्रकारची लहर त्याच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सोळाशे मीटरच्या पुढे पळते. थराच्या वरच्या भागात हवा जवळजवळ तितक्याच वेगाने वाहत असते, तिथे लहर आणि हवा सोबत चालतात. भिंतीजवळ मात्र हवा थांबलेली असते आणि लहर तिच्या डोक्यावरून सोळाशे मीटरने निघून जाते. भिंतीजवळच्या हवेच्या दृष्टीने ही लहर स्वनातीत ठरते. म्हणून भिंतीपासून काही उंचीपर्यंत एक असा पट्टा तयार होतो, ज्यात हवेच्या मानाने लहर ध्वनीपेक्षा वेगवान असते. त्या पट्ट्यात दाबाच्या लाटा भिंतीवर आपटतात, वर जातात, पट्ट्याच्या वरच्या सीमेवरून परत वळतात, पुन्हा भिंतीवर येतात. नागमोडी उसळ्या घेत त्या पुढे सरकत राहतात. बासरीच्या नळीत हवेचा स्तंभ जसा ठरावीक सुराला घुमतो, तसा हा मिलिमीटरभर जाडीचा पट्टा ठरावीक सुराला घुमतो, आणि वाहत्या हवेकडून ऊर्जा घेऊन त्याचा आवाज वाढत जातो.

आता भिंत थंड करा. ३०० केल्व्हिनच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३५० मीटरच्या जवळ असतो. समतोल तापमानाला पोचलेल्या भिंतीजवळ तो ८०० च्या घरात असतो. म्हणजे तीच लहर गरम भिंतीजवळच्या हवेपेक्षा दुप्पट वेगाने जाते आणि थंड भिंतीजवळच्या हवेपेक्षा साडेचारपटींहून जास्त. थंड भिंतीपाशी लहर अधिक स्वनातीत होते, सीमास्तराचा अधिक मोठा हिस्सा त्या अडकलेल्या पट्ट्यात येतो, ध्वनीचा सापळा घट्ट होतो. ज्या थंडपणाने कच्ची शिवण दुरुस्त केली, त्याच थंडपणाने बासरी चांगली जुळवून दिली.

या बासरीचा सूर माणसाला ऐकू येणारा नाही. लहरीची लांबी सीमास्तराच्या जाडीच्या साधारण दुप्पट असते. पाच मिलिमीटर जाडीच्या थरात १८०० मीटरच्या वेगाला हिशेब केला तर सेकंदाला दीड-पावणेदोन लाख कंपनं निघतात. आपला कान वीस हजारांवर थांबतो. हा सूर बहुतेक वटवाघळांच्याही वरचा आहे. भिंत थंड केली की थर पातळ होतो आणि सूर आणखी चढतो. सूर सापडला तर थर किती जाड आहे याचा अंदाज बांधता येतो. प्रयोग करणाऱ्यांना हा मोठाच आधार आहे, कारण इतक्या पातळ, तापलेल्या, पळत्या थरात काही मोजणं फार अवघड असतं. दुसऱ्या प्रकारच्या लहरींचा दाब भिंतीवर चांगला जाणवतो, त्यामुळे भिंतीत समपातळीला बसवलेले छोटे दाबसंवेदक त्या पकडतात. आणि हवेच्या दाटपणातला फरक टिपणाऱ्या छायाचित्रांत या लहरी थराच्या कडेने पीळ दिलेल्या दोरीसारख्या दिसतात. पहिल्यांदा असं छायाचित्र पाहिलं तेव्हा मला ते चित्रच वाटलं होतं, इतके ते पीळ एकसारखे असतात.

केनेथ स्टेटसन यांनी १९८० च्या दशकात टेनेसीतल्या आर्नल्ड केंद्राच्या मॅक ८ च्या वातबोगद्यात (जागच्या जागी धरलेल्या मॉडेलवरून वेगाने हवा सोडतात त्या बोगद्यात) सात अंश अर्धकोनाच्या शंकूवर प्रयोगांची मालिकाच केली. त्यांत या लहरी थरात ठळकपणे वावरताना दिसल्या, आणि शंकू थंड केल्यावर त्या अधिक वेगाने वाढल्या व थर लवकर तुटला. संगणकाने सांगितलं होतं ते हवेत दिसलं.

बोगद्यातली भिंत आणि आकाशातली भिंत

इथे व्यवहारातली सगळ्यात त्रासदायक गोष्ट येते. माझ्या मते या विषयातल्या बातम्या वाचताना सगळ्यात जास्त हीच सुटून जाते. ‘मॅक ६ ला चाचणी यशस्वी’ एवढं वाचून काहीच कळत नाही, कारण मॅक ६ दहा प्रकारे बनवता येतो.

अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात मॅक ६ चा एक ‘शांत’ बोगदा आहे. सामान्य बोगद्याच्या भिंतींवरचा सीमास्तर स्वतःच खळाळता असतो आणि त्याचा आवाज मॉडेलवर आदळत राहतो. मग मॉडेलवरचा थर स्वतःच्या स्वभावाने तुटला की शेजाऱ्याच्या गोंगाटाने, हे सांगता येत नाही. म्हणून पर्ड्यूच्या बोगद्याचं तोंड आरशासारखं घासून गुळगुळीत केलंय आणि त्याच्या भिंतीवरचा थरही शांत ठेवला जातो. या कामाला मी मनापासून दाद देतो. पण तिथली हवा सुरुवातीला १६० अंशांच्या आसपासच तापवलेली असते. ती पसरून मॅक ६ ला पोचेपर्यंत उणे २२० अंशांच्या घरात जाते. आधी तापवली नसती तर वाटेतच तिचे थेंब झाले असते. या हवेत समतोल तापमान येतं १०० अंशांच्या आसपास, आणि मॉडेल असतं खोलीच्या तापमानाचं. गुणोत्तर ०.८. आकाशात नुकत्याच निघालेल्या यानाचं गुणोत्तर आपण वर ०.२ काढलं होतं.

दुसऱ्या टोकाला आघात बोगदे आहेत. त्यांत आघात-तरंगाने (दाबाच्या अचानक झटक्याने, इंग्रजीत शॉक वेव्ह) हवा हजारो अंशांना नेतात आणि ती मॉडेलवरून एखाद-दोन मिलिसेकंद वाहते. एवढ्या वेळात मॉडेल तापतच नाही. हवा ५००० केल्व्हिनची आणि भिंत ३०० ची, गुणोत्तर ०.१ च्याही खाली. म्हणजे एका बोगद्यात भिंत उड्डाणापेक्षा तुलनेने गरम, दुसऱ्यात उड्डाणाइतकी किंवा त्याहून थंड. मॅक एकच असला तरी लहरींच्या व्याजाचा दर दोन्हीकडे वेगळा. त्यात हवा इतकी तापली की ऑक्सिजनचे रेणू तुटू लागतात, त्यात ऊर्जा खर्ची पडते, थर आतून थंडावतो आणि दुसऱ्या प्रकाराला आणखी बळ मिळतं. म्हणून प्रयोगशाळेतला आकडा उचलून थेट उड्डाणाला लावता येत नाही. तो आधी संगणकातून न्यावा लागतो, आणि संगणकाला भिंतीचं तापमान विचारावंच लागतं.

म्हणूनच काही जणांनी थेट आकाशात प्रयोग नेला. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या हायफायर प्रकल्पातला पहिला मोठा शंकू २२ मार्च २०१० रोजी ऑस्ट्रेलियातल्या वूमेरा इथून रॉकेटवर गेला. शंकू पुन्हा सात अंश अर्धकोनाचाच, म्हणजे जमिनीवरच्या प्रयोगांशी तुलना करता यावी असा. त्याच्या कातडीत ठिकठिकाणी तापमापक बसवले होते. वर जाताना थर कुठे तुटतो ते त्या तापमापकांवरून कळलं, आणि संगणकाच्या हिशेबाने त्यामागे दुसऱ्याच प्रकारच्या लहरी असल्याचं दिसलं. शटलनेही असंच एक योगदान दिलं. मार्च २००९ मध्ये डिस्कव्हरीच्या डाव्या पंखाखाली मुद्दाम सहा मिलिमीटरांहून थोडा उंच उंचवटा बसवला होता, आणि परतताना त्याच्यामागे पसरलेला तापलेला पाचर-आकाराचा डाग नौदलाच्या एका विमानाने खालून अवरक्त कॅमेऱ्यात टिपला. चार वर्षांपूर्वी ज्या गोष्टीच्या भीतीने दोन चिंध्या ओढून काढल्या, तीच या वेळी मोजमाप घेऊन जवळून पाहिली गेली.

हे सगळं लांब, टोकदार आकारांचं आहे. गगनयानासारख्या बोथट कुपीपुढे प्रचंड आघात-तरंग उभा राहतो, त्याच्यामागे पृष्ठभागालगतची हवा तुलनेने सावकाश वाहते, आणि तिथे दुसऱ्या प्रकाराला फारसा वाव नसतो. खडबडीतपणा तिथे जास्त महत्त्वाचा. कुपीची गोष्ट क्षेपणास्त्राला आणि क्षेपणास्त्राची कुपीला लावू नये.

उड्डाणात आणखी एक गुंता असतो: भिंतीचं तापमान एका जागी थांबत नाही. सिरॅमिक टाइल उष्णता आत जाऊ देत नाही, त्यामुळे तिचा पृष्ठभाग फार लवकर तापतो. धातूची कातडी उष्णता आत ओढून घेते आणि हळूहळू तापते. दोन यानांचा आकार, वेग, उंची तंतोतंत सारखी असली, एकाची कातडी सिरॅमिकची आणि दुसऱ्याची धातूची असली, तर त्यांच्यावरची हवा वेगळी वागेल. नुसत्या साहित्याची निवड हवेच्या स्वभावात हात घालते. शिवाय टोक गरम आणि मागचा भाग थंड असा फरकही एकाच यानावर असतो. लहर गरम भागातून थंड भागात गेली की तिचा सूर, तिचा वेग, तिचा दर सगळं वाटेत बदलतं, आणि गरम पट्टा नेमका कुठे आहे त्यावर लहर वाढेल की मंदावेल ते ठरतं.

लहरीला आवरण्याचे उपाय निघाले ते ती ध्वनी आहे हे कळल्यामुळे. सभागृहाच्या भिंतींना छिद्रांची पॅनेल लावून घुमणारा आवाज शोषतात. अलेक्झांडर फेडोरोव आणि नॉर्मन मालमथ यांनी सुचवलं की यानाच्या कातडीलाही अशी छिद्रं द्यावीत, फक्त लाखो कंपनांच्या सुरासाठी. हान्स हॉर्नुंग यांच्या कॅलटेकमधल्या आघात बोगद्यात असा छिद्रांचा शंकू तपासला गेला आणि २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंकूच्या अर्ध्या अंगाला साधा पत्रा, अर्ध्या अंगाला छिद्रांचा. छिद्रं केसाच्या जाडीइतकी, म्हणजे इतकी बारीक की थराला खडबडीत वाटू नयेत. साध्या बाजूवर थर तुटत होता तेव्हा छिद्रांच्या बाजूवर तो शांतच वाहत होता. एकाच शंकूवर, एकाच क्षणी. प्रयोगाची रचना इतकी स्वच्छ असली की वाद घालायला फारसं उरत नाही. जर्मनीत गोटिंगनला पुढे कार्बन तंतूंच्या मुळातच सच्छिद्र असलेल्या साहित्यावर असंच काम झालं. त्यात छिद्रं पाडावी लागत नाहीत. कॅलटेकच्याच बोगद्यात आणखी एक वाट तपासली गेली: सीमास्तरात कार्बन डायऑक्साइड सोडायचा. त्याचे रेणू या सुराच्या कंपनांतली ऊर्जा स्वतःच्या थरथरण्यात जिरवतात. छिद्रांना मात्र पहिला प्रकार दबत नाही, कधी किंचित वाढतोच. पण थंड भिंतीवर पहिला प्रकार आधीच अशक्त झालेला असतो, म्हणून छिद्रं आणि थंड भिंत ही जोडी जमते.

प्रत्येक वेळी थर शांतच हवा असतो असंही नाही. नासाच्या एक्स-४३ए या यानाने नोव्हेंबर २००४ मध्ये मॅक ९.६ च्या आसपास स्क्रॅमजेट (ध्वनीपेक्षा वेगवान हवेतच इंधन जाळणारं इंजिन) चालवून दाखवलं, तेव्हा त्याच्या नाकाडाच्या खालच्या बाजूला थर मुद्दाम तोडणारे उंचवटे लावले होते. इंजिनाच्या तोंडाशी दाब एकदम वाढतो. शांत थर तिथे कातडीपासून सुटून जातो आणि इंजिन गुदमरतं. खळाळता थर चिकटून राहतो. तापलं तरी चालेल, पण हवा आत गेली पाहिजे.

आपल्याकडे हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. पवईच्या आयआयटीत आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आघात बोगदे आहेत. तिरुअनंतपुरमला इस्रोचा मॅक १२ पर्यंत जाणारा मोठा बोगदा आहे, आणि हैदराबादला डिसेंबर २०२० पासून डीआरडीओचा मॅक ५ ते १२ चा. ७ सप्टेंबर २०२० रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावरून डीआरडीओचं प्रात्यक्षिक यान स्क्रॅमजेटवर मॅक ६ च्या वेगाने वीस सेकंदांहून थोडं जास्त उडालं. वीस सेकंदांत धातूची जाड कातडी फार तर अर्ध्या वाटेवर पोचते. भिंत जवळजवळ पूर्ण वेळ थंडच म्हणायची, आणि थरात राज्य दुसऱ्या प्रकाराचं. मग एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादला जमिनीवर स्क्रॅमजेटचा ज्वलनकक्ष हजार सेकंदांहून जास्त चालवला गेला. इतका वेळ असं इंजिन उद्या आकाशात चाललं तर निघतानाचं ०.२ चं गुणोत्तर वाटेत चढत जाईल. नाक तापेल, मग पोट, मग मागचा भाग. थर जाड होईल, बासरीचा सूर उतरेल, दुसरा प्रकार अशक्त होईल आणि इतका वेळ दबलेल्या पहिल्या प्रकाराला जागा मिळू लागेल. थर तुटण्याची रेषा त्या सोळा-सतरा मिनिटांत यानाच्या अंगावरून पुढेमागे सरकत राहील. कातडीचा कुठला भाग किती जाड करायचा हे ठरवणाऱ्याला ती रेषा उड्डाणाच्या प्रत्येक मिनिटाला कुठे असेल, ते उड्डाणाआधीच काढून ठेवावं लागेल.